घोरणं थांबलं तेव्हा

वीस-बावीस वर्षं झाली असतील. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलात सकाळीच एका एंडोस्कोपीसाठी भूल द्यायला गेले होते. भूलतज्ज्ञ म्हणून माझं दुसरंच वर्ष...

पेशंट ओझरला कारखान्यात फिटर. पन्नाशीचे, धिप्पाड, आखूड मानेचे. आदल्या आठवड्यात सर, म्हणजे तिथले पोटाचे डॉक्टर, नुसता घशात स्प्रे मारून दुर्बीण घालायला गेले, तर पेशंटनी त्यांचा हातच धरून ठेवला होता. म्हणून या वेळी गुंगीचं इंजेक्शन. बायको बाहेर बाकावर बसलेली.

त्यांना कुशीवर झोपवलं, नाकाला ऑक्सिजन, बोटाला ऑक्सिमीटर. इंजेक्शन अगदी हळूहळू दिलं. दोन मिनिटांत जोरात घोरायला लागले. सर हसले, दुर्बीण आत गेली.

आणि घोरणं थांबलं...

आधी मला बरंच वाटलं. मग छातीकडे लक्ष गेलं. छाती हलत होती, पण नाकातोंडापाशी हात धरला तर वारा लागेना. मशीन अजून सत्त्याण्णव दाखवत होतं. श्वास अडला तरी ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो हे वाचलेलं होतं. सरांना थांबवू? उगाच घाबरली म्हणाले तर?... त्यात दोन-तीन सेकंद गेले. ते आजही टोचतात.

"सर, दुर्बीण काढा."

"एक मिनिट, आत्ता कुठे नीट दिसतंय."

"काढा सर!"

तोवर बीपचा सूर खाली यायला लागला. नव्वद... ब्याऐंशी... सरांनी दुर्बीण ओढली. आम्ही पेशंटला उताणं केलं. जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद झाली होती. मी दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलला. काहीच नाही. अजून जोर लावला, आणि एकदम घरघरत मोठा श्वास आत गेला. तरी मी जबडा सोडला नाही.

गुंगी थोडी उतरल्यावर सरांनी पुन्हा दुर्बीण घातली. शेवटपर्यंत मी जबडा धरून उभी. अल्सर निघाला, औषधांनी बरा होणारा.

बाहेर येऊन त्यांच्या बायकोला सगळं खरं सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "घोरता घोरता गप्प झाले ना मॅडम? घरी पण होतं तसं. मी हलवते, तरी श्वास नाही घेतला तर हनुवटी वर करून धरते. नऊ वर्षं झाली, मला नीट झोप अशी नाहीच."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही..."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

तेव्हापासून भूल देण्याआधी मी बाहेर जाऊन, घरी पेशंटच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला विचारते, "झोपेत यांचा श्वास कसा असतो?" हा प्रश्न त्या बाईंनी मला दिला. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.