भात सोडलेली रतनबाई

पासलीच्या रतनबाईनं भात सोडला, ही गोष्ट आधी कुणाला खरीच वाटेना. पासलीत भात सोडायचा म्हणजे खायचं काय? सकाळी भात, रात्री भात, लग्नात भात, तेराव्यालाही भातच. आणि ही बाई तर अशी, की सासरी आली त्या दिवशी पंगतीत तीनदा भात मागून घेतला, म्हणून सासऱ्यानं सगळ्यांदेखत कौतुक केलेलं.

पण तिचा लेक कुमार वनरक्षकाच्या भरतीत दोनदा मागं पडला. पाच किलोमीटरचं धावणं त्याला जमता जमता राहायचं. वयाच्या अटीनं आता शेवटची भरती उरली, तेव्हा रतनबाईनं देवीपुढं हात जोडले. पोराच्या अंगावर खाकी चढेस्तवर भाताला शिवणार न्हाई, असं बोलून बसली.

कुमारला शिकवायला भोरचे मानसिंग होते, पलटणीतून परत आलेले. त्यांनी खाणंपिणं बजावून सांगितलेलं. लांब पळणाऱ्याच्या पायांत बळ येतं ते भात-भाकरीनं, अंगाची झीज भरते डाळ, अंडी, दुधानं. पळायच्या आधी दोन तास हलकं खायचं, पळून आलं की लगेच केळं नाहीतर गूळ-शेंगदाणे. रतनबाईनं सगळं पाळलं. लेकाच्या ताटात भाताचा ढीग, वर वरण, शेजारी दोन अंडी. स्वतः मात्र नाचणीची भाकरी चटणीशी खाऊन उठायची.

तरी कुमार मागंच पडत चालला. ज्या चढाला तो गप्पा मारत पळायचा, तिथं आता दगडाला टेकून बसायला लागला. रतनबाईला वाटलं, देवीला एवढं पुरत नाही. तिनं पुन्हा देवीपुढं हात जोडून भाकरीही सोडली. एक वेळ मूठभर वरी, बस. कुमार आणखीच मंदावला. मग तिनं वरीतलं मीठ सोडलं. शेजारची फुलाबाई म्हणाली, "आता वारं तेवढं सोडायचं ऱ्हायलं बाई तुजं." रतनबाईला हसू आलं नाही.

भरती महिन्यावर आली आणि भोरच्या सरावात कुमार निम्म्यातच भोवळ येऊन पडला. निरोप मिळताच रतनबाई टेम्पोनं भोर गाठून मैदानावर आली. मानसिंगांनी तिला बाजूला घेतलं.

"ताई, ह्याच्या पोटात काही नाही. उपाशी पळतोय हा."

रतनबाई चवताळली. माझ्या हातानं वाढते मी, म्हणाली, आणि लेकाला घेऊन तरातरा निघाली. पण शब्द डोक्यात रुतला.

दुसऱ्या दिवशी ताट वाढून ती पाण्याला जाते म्हणून बाहेर पडली आणि गोठ्याआडून बघत राहिली. कुमारनं दोन घास घेतले. चुलीपाशी तिच्या वरीची वाटी होती, तिकडं पाहिलं. मग ताट उचलून मागच्या दारी गेला आणि भात, वरण, अंडी, सगळं कुत्र्यापुढं ओतलं. वाडीतली बाकी कुत्री हाडाची काडं असताना आपलंच एवढं गुबगुबीत कसं, हे रतनबाईला तेव्हा कळलं.

ती समोर जाऊन उभी राहिली. कुमारनं मान खाली घातली.

"आये, तू वाळत चाललीस. तुज्याम्होरं घास गिळवत न्हाई. आन् न खाल्लं तर पाय उचलत न्हाईत. म्या काय करू, तूच सांग."

नवस मोडावा तर देवीचा कोप, तोही ज्याच्यासाठी बोलला त्या पोरावरच यायचा. पाळावा तर पोरगं असंच पडायचं. रतनबाई उंबऱ्यावर बसून राहिली. उन्हं अंगणातून पार कुंपणापर्यंत सरकली.

मग ती उठली. पातेल्यातला उरलेला भात दोन ताटांत वाढला आणि लेकासमोर मांडी घालून बसली.

"म्या खाते, तूबी खा. कोप व्हायचा त्यो खाणारीवर व्हईल, पळणाऱ्यावर न्हाई." हे देवीनं ऐकावं म्हणून ती जरा मोठ्यानंच बोलली.

पहिला घास तिनं पाण्यासंगं ढकलला. पोटाला सवयच उरली नव्हती. प्रत्येक घासाला ती कुमारच्या पायांकडं बघे, त्यांना काही होतंय का म्हणून. कुमारनं ताट पुसून खाल्लं आणि कित्येक दिवसांनी आणखी भात मागितला. वाढतानाही तिची नजर त्याच्या पायांवरच होती, त्यात निम्मी शितं जमिनीवर सांडली. तरी ती वाढतच राहिली.