रांगोळीवरचा बर्नआउट
आज टायरच्या दुकानात जळक्या रबराचा वास आला आणि परदेशातल्या आमच्या टार्निट उपनगरातली ती दिवाळी आठवली. पुण्याहून आलेल्या आईने दुखरे गुडघे सांभाळत ड्राइव्हवेवर मोठी रांगोळी काढली होती. शेजारच्या तरुणाने मोटरसायकल नेमकी त्या रांगोळीवर आणली, पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक जागच्या जागी गरागरा फिरवलं, ज्याला इथे बर्नआउट म्हणतात, आणि धुरातून म्हणाला, "रिलॅक्स मेट, इट्स जस्ट चॉक." आईने झाडू घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गोड हसले. "नो वरीज. आता रस्त्यावर करून दाखव, मी व्हिडिओ काढते." त्याने हौसेने करून दाखवलं, चेहरा आणि नंबरप्लेटसकट. सार्वजनिक रस्त्यावर बर्नआउट करणं इथे गुन्हा आहे; तो व्हिडिओ मी त्याच दुपारी पोलिसांना पाठवला. आठवडाभरात मोटरसायकल जप्त होऊन टो ट्रकवर चढली आणि तो फुटपाथवर रडवेला उभा राहिला. घरातून कोणी लांब निघालं की आई हातावर दही घालते. मी वाटी घेऊन बाहेर गेले आणि त्याच्या तळहातावर चमचाभर दही घातलं. "आमच्याकडे निरोप असाच देतात," म्हटलं. त्याने ते चाटूनपुसून खाल्लं. आज दुकानात सगळ्यांनी नाकाला रुमाल लावला होता; मी पोटभर वास घेतला.