सुटी बोटं

गुऱ्हाळावर उकळती काकवी आईच्या उजव्या हातावर सांडली, तेव्हा दवाखान्यात जायची ऐपत नव्हती. हळद लावून सगळी बोटं एकाच फडक्यात बांधली. जखम भरली, पण बोटं एकमेकांना चिकटली. पुढे मी नर्सिंगची पदवी घेऊन आले, घराण्यातली पहिलीच. आईने दृष्ट काढायला हात कानशिलाशी नेले. उजव्या हाताची बोटं काही मोडली नाहीत.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला वॉर्डात पंचाहत्तरीच्या आजी आल्या, आधणाने दोन्ही हात भाजलेले. म्हातारी कातडी पातळ, भरायला फार वेळ घेते. मी रोज एकेक बोट वेगळं बांधायची आणि वाकवून घ्यायची.

"मेले, नर्स आहेस की वैरीण?"

"शिव्या द्या आजी, पण मूठ मिटा."

पावसाळा सरला. आज शेवटची पट्टी सुटली. आजींनी माझ्या तोंडावरून हात ओवाळले, कानशिलांवर टेकवले आणि बोटं कडाकडा मोडली. शिकून काय मिळवलंस, असं कुणी विचारलं तर मी हा आवाज सांगेन.

आजींची दहाही बोटं सुटी राहिली. ती मी राखली.