जनू मिस्त्रीला गार इंजिन लागतं

जनू मिस्त्री मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणी त्याचा आतला चांगुलपणा शोधत बसायला नको.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये त्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि बसायला एक फाटलेली गाडीचीच सीट. वय पंचावन्नच्या पुढे. राहायला अंबरनाथजवळच्या गावात, दारात शर्यतीचा एक बैल. गाड्या दुरुस्त करणं हे त्याचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे, जुनी गाडी घेण्याआधी लोक ती तपासायला त्याला घेऊन जातात. सातशे रुपये, तेही आधी. मग गाडी चांगली निघो नाहीतर भंगार. विकणाऱ्याच्या दारचा चहा तो पीत नाही, पाणीही नाही. गाड्यांचा एक दलाल मला म्हणाला होता, "वो आया ना, तो समझो सौदा मरा."

त्याची नि माझी गाठ पडली ती माझ्या मुलीमुळे. तेजल जनावरांची डॉक्टर आहे. बदलापूरला आमच्याच इमारतीत खाली तिचा छोटा दवाखाना आहे, पण तिथे ती क्वचितच सापडते. बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यांवर म्हशी, शेळ्या, बैल बघत फिरते. आतापर्यंत स्कूटरवर फिरायची. गेल्या ऑगस्टमध्ये चिखलात स्कूटर घसरली आणि गळपट्टीचं हाड मोडलं. फोनला रेंज नव्हती. दोन तास ती पावसात पडून होती, तेव्हा कुठे एका शेळ्यावाल्या म्हाताऱ्याने तिला पाहिलं.

मला वाटलं, आता तरी ती शहाणी होईल, अंबरनाथला कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात नोकरी धरेल. ती खांद्याचा पट्टा काढून आली आणि म्हणाली, "आई, फोर बाय फोर घेते. जुनी. सव्वातीन लाखांत बसेल ती."

लोक म्हणाले, बरं झालं, चार चाकं सुरक्षित. त्यांना कळत नाही. स्कूटर होती तोवर पावसाने झोडपलं की ती मागे फिरायची. चारही चाकं ओढणारी गाडी मिळाली, की जिथून मागे फिरायची तिथून ती पुढे जाणार. माझं एकच मूल आहे. हे जाऊन सहा वर्षं झाली.

जनूने तेजलला गाडी बघून द्यायचं कबूल केलं होतं, कारण तिने त्याच्या बैलाचा खूर बरा केला होता. मी तेजलला न सांगता रिक्षा करून त्याच्याकडे गेले. तो खड्ड्यात होता. वर आलाच नाही, खालूनच बोलला.

"जनूभाऊ, मी डॉक्टर तेजलची आई. एक विनंती आहे. ती जी गाडी आणेल, ती खराब आहे म्हणून सांगा."

"खराब असली तर सांगेनच."

"नसली तरी सांगा. तुमचं काय ते मी देईन."

खड्ड्यातून पान्याचा आवाज थांबला.

"गाडी बघायचे सातशे. खोटं बोलायचा भाव मी ठेवला नाय, बाई."

"मी आई आहे तिची."

"मग तिला सांगा. मना काय सांगता? जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

इतका उद्धट माणूस मी पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं अनीशच्या यार्डात गेलो. अनीश हा कॅम्प चारमधलाच गाड्यांचा व्यापारी, सिंधी, गोड बोलणारा. जनूला बघून त्याचा चेहरा उतरला, तरी त्याने हात जोडले. "आओ साईं, चाय मंगाऊँ?"

"गाडी दाखव."

समोर लालभडक गाडी उभी होती, टपावर दिव्यांची रांग, टायर माझ्या कमरेपर्यंत. तेजलचे डोळे चमकले. जनूने दार उघडलं नाही, चाकं पाहिली नाहीत. सरळ बॉनेटवर तळहात ठेवला आणि काढला.

"गरम हाय. चला."

"अरे साईं, अभी पेट्रोल पंप से आयी है!"

"पेट्रोल पंपवर गाडी सकाळी आठला कशाला गेली, तपासायला माणूस येणार म्हणून?" जनू तेजलकडे वळला. "लंगडा बैल बाजारात आणतात, तेव्हा आधी चार शेतं पळवून आणतात. अंग गरम झालं की लंगडत नाय. घरी नेऊन बांधला, सकाळी उठवला, की समजतं. तुला तर ठाऊक हाय."

"हो काका," तेजल हसली. मी नाही हसले.

दुसरी गाडी पांढरी होती. तिच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत फोर बाय फोर लिहिलेलं. इंजिन गार होतं. जनूने चालू केली, धूर पाहिला, चारही चाकांचा दांडा टाकला आणि यार्डाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवून तिला गोल फिरवली. गाडी अगदी लोण्यासारखी वळली. मला वाटलं, झालं, ही पास.

जनू उतरला. "चारही चाकं खरंच ओढत असली ना, तर सुक्या डांबरावर गाडी वळताना रुसते. पुढची चाकं एक बोलतात, मागची दुसरं. धक्के देते, टायर ओरडतात. ही रुसली नाय. अनीश, पुढची चाकं ओढणारा शाफ्ट कुणाला विकला?"

अनीशने आकाशाकडे बघितलं. "मेरे को क्या मालूम साईं, मैं तो जैसे आयी वैसे बेचता हूँ."

"तुला मालूम नाय, आणि अक्षरं तू नवीन चिकटवलीस."

दोघांची चांगलीच जुंपली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मला मनातून आनंद होत होता. जाताना जनू यार्डाच्या कोपऱ्यातल्या एका मळकट हिरव्या गाडीपाशी थांबला. दारं चेपलेली, रंग उडालेला, मागच्या सीटवर गवताची काडी. अनीशने ती आम्हाला दाखवलीच नव्हती. "वो जंगल के ठेकेदार की है, डॉक्टर मैडम के लायक नहीं," तो म्हणाला. जनूने वाकून तिच्या खाली एकदा पाहिलं आणि तो पुढे गेला.

आता मी जे केलं ते लिहिते. ह्यांचे ऑफिसातले मित्र शंकरराव बदलापूर पश्चिमेला राहतात. त्यांची फोर बाय फोर कित्येक महिने कव्हरखाली उभी होती. मीच तेजलला म्हटलं, "दलालांच्या नादी कशाला लागतेस? शंकररावांची घे. घरची गाडी, एका हातची. तुझ्यासाठी तीन लाखांत देतील." तेजलला आश्चर्य वाटलं. तिने मला मिठी मारली. म्हणाली, "आई, तू मदत करशील असं वाटलंच नव्हतं."

ज्या जुलैत उल्हास नदी पश्चिमेत शिरली, त्या जुलैत मी शंकररावांकडे डाळभाताचे डबे घेऊन गेले होते. त्यांच्या जिन्यातून पार्किंगकडे पाहिलं होतं. गढूळ पाण्यावर त्या गाडीचा फक्त टप दिसत होता. नंतर त्यांनी ती धुतली, पुसली, सीटा बदलल्या आणि कव्हर घातलं. मला सगळं माहीत होतं. माझा हिशेब असा होता, की अशी गाडी चार दिवस चालेल आणि मग आमच्या दारात कायमची बंद पडेल. पैसे जातील, पण गाडीचं वेडही जाईल. जनूला ती बाहेरून धुतलेली, आतून नवी गाडी दिसेल, आणि घरच्या माणसाच्या गाडीत तो काय खोट काढणार?

शंकरराव पार्किंगमध्ये चहाचा ट्रे घेऊनच उभे होते. "या मिस्त्री, आधी चहा."

"नंतर," जनू म्हणाला. त्याचं 'नंतर' म्हणजे कधीच नाही.

इंजिन गार. सुरूही एका झटक्यात झालं. तेजलने माझा हात दाबला. जनू पुढच्या सीटवर बसला आणि त्याने सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. आपण कमरेपुरता ओढतो तसा नाही. ओढतच राहिला, हातभर, दोन हात, पार शेवटापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट, वाळलेली एक आडवी रेघ होती. त्याने नखाने खरवडली. भुगा मांडीवर पडला.

"गाळ."

शंकरराव म्हणाले, "पावसात खिडकी उघडी राहिली असेल हो एखाद्या वेळी."

"साहेब, खिडकीतून पाणी येतं. गाळ यायला नदी यावी लागते." तो खाली उतरला. "ही गाडी कोणी सुचवली?"

"आईने," तेजल म्हणाली.

जनूने माझ्याकडे पाहिलं. तो खड्ड्यातला दिवस त्याला आठवला, हे मला दिसलं. तेव्हा तो गप्प बसला असता तर मी त्याला जन्मभर दुवा दिला असता. तो गप्प बसला नाही.

"बाई, तुमी बदलापूरच्याच. पूर कुठवर आलेला, तुमाला ठाऊक नाय?"

तेजलने माझा हात सोडला. "आई, तुला माहीत होतं?"

शंकरराव ट्रेमधले कप उगाच सरळ करत होते.

"हो," मी म्हटलं. "मला वाटलं, दारात बंद पडेल."

"दारात नाय पडत," जनू म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी मला तो थोबाडीसारखा लागला. "दारात कोरडं असतं. वायरींत पाणी शिरलेली गाडी परत पाण्यातच बंद पडते. ओढ्याच्या मधोमध. दिवे जातात, काचा खाली होत नायत, आणि आत ही."

पुढे काय बोलणं झालं ते मला नीट ऐकूच आलं नाही. मला ओढा दिसत होता. बंद काचा दिसत होत्या. तेजलला घरी ठेवायला मी स्वतः निवडलेली गाडी होती ती.

घरी जाताना रिक्षात ती एकदाच बोलली. "निदान मला सरळ नाही म्हणायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं. पण भांडलो असतो ना."

दोन दिवसांनी ती एकटीच जनूबरोबर निघाली. मी न विचारता त्यांच्या रिक्षात बसले. तिने उतर म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. अनीशच्या यार्डातली ती हिरवी गाडी. बॉनेट गार. बेल्टच्या शेवटापर्यंत नुसती धूळ. सीटखालचे स्क्रू गंजाशिवाय. जनूने दांडा टाकून तिला डांबरावर गोल फिरवली, तशी ती अडखळली, झटके देऊ लागली, टायर किंचाळले, आणि मी मागे बसले होते, माझं डोकं टपाला आपटलं.

"रुसली!" जनू ओरडला. त्या माणसाला मी पहिल्यांदाच खूष झालेला पाहिला, तेही माझं डोकं फुटताना.

"लो साईं," अनीश म्हणाला, "कचरा ले जा रहे हो, बाद में गाली मत देना."

"तुला गाली द्यायला मना कारण कधी लागलंय?"

गाडी दोन लाख नव्वदला ठरली. उरलेल्यात ब्रेक आणि टायर. जनूने तेजलला एका रिकाम्या प्लॉटवर चिखलात नेऊन दांडा कधी टाकायचा ते शिकवलं. मी कडेला उभी होते, म्हणून ऐकलं. तो म्हणत होता, "आत जाताना दोनच चाकांवर जा. अडकलीस की मग चार टाक आणि मागं निघ. चारही चाकं आत जायला वापरलीस, तर बाहेर यायला काय वापरशील?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पावसाळ्याआधी गाडी दाखवायला आण. आईला आणलं नाय तरी चालेल."

जूनपासून ती गाडी पाड्यांवर जाते आहे. दारातून जाताना सगळी इमारत हादरते, शेजारच्या नूतनताई रोज बोलतात. तेजल आणि मी कामापुरतं बोलतो. गेल्या आठवड्यात ती दुपारीच परत आली. मी विचारलं नाही, तरी तिने सांगितलं, ओढ्याला चाकाच्या वर पाणी होतं, म्हणून मागे फिरले, म्हैस उद्या बघेन. एवढंच सांगून ती आंघोळीला गेली. मी ओट्याशी उभी राहिले आणि बराच वेळ भात परतत राहिले, तो करपला.

म्हणून जनूचे मी उपकार मानावेत, असं आमची भाविका, माझी धाकटी बहीण, म्हणते. चारचौघांत आईला मुलीसमोर उघडं पाडणाऱ्या माणसाचे कसले उपकार? त्याचं काम गाडी बघायचं होतं. मी त्याच्यावर विश्वासही ठेवत नाही.

आज तेजल झोपल्यावर मी किल्ली घेऊन खाली गेले. टॉर्च लावला. पुढच्या सीटवर बसून पट्टा ओढला, पार शेवटापर्यंत, आणि बोट फिरवून पाहिलं. धूळ होती, एक शेळीचा केस होता. दुसऱ्या बाजूचाही ओढला. मग सोडला, तो सणकन मागे गेला आणि त्याची लोखंडी जीभ माझ्या करंगळीवर बसली. अजून ठणकते आहे.