नदीच्या वळणापर्यंत, विल्सनच्या ट्रकमधून

शिरीषच्या अस्थी सात आठवडे माझ्या गराजमध्ये होत्या. अस्थी घरात घेत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या कॉलनीत झाडाला साधा झोका टांगायचा तरी कमिटीची चिठ्ठी लागायची. मग क्रिमेटोरियमनं दिलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून त्या दोन तांब्याच्या कलशांत काढल्या, तोंडाला लाल फडकं बांधलं आणि गराजच्या हुकाला टांगल्या. त्याची बायको नलिनीवहिनी रोज संध्याकाळी येऊन तिथे निरांजन लावायच्या. मी रंगाचे डबे दूर हलवले होते, तेवढीच माझी धर्मसेवा.

तुमच्यातले बरेच जण मला विचारतात, मॉन्युमेंट व्हॅलीकडे गाइड घ्यावा का, आपली गाडी न्यावी का, किती दिवस ठेवावेत. त्याचं उत्तर द्यायचं तर मला शहाऐंशी सालातला तो ऑक्टोबर सांगावा लागतो. ज्यांना नुसते लाल डोंगर हवेत त्यांनी फोटोंचं पुस्तक घ्यावं, स्वस्त पडेल.

शिरीष एका तेल कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ. मी इचलकरंजीचा फिटर, मॅट्रिकला दोनदा बसलेला. जहाजाच्या इंजिनावर काम करत ह्यूस्टनला उतरलो आणि शहाऐंशीपर्यंत माझं गाड्या दुरुस्तीचं, दोन लिफ्टचं वर्कशॉप झालं होतं. त्याची गाडी सारखी बिघडायची, त्यातून दोस्ती. युटा राज्याच्या सीमेवर सॅन व्हॉन नदीच्या एका वळणाशी त्यानं तीन उन्हाळे दगड तपासत काढले होते. "मी गेलो की मला अर्धा तिकडे टाका," असं तो बार्बेक्यूच्या धुरात म्हणायचा आणि आम्ही हसायचो. चव्वेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. वहिनी त्याच्याच व्हिसावर आलेल्या, म्हणजे आता परत जाणं भाग. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली नागपूरची तिकिटं काढून झाली होती. एक कलश त्यांच्याबरोबर रामटेकला जाणार होता. दुसरा त्याआधी नदीच्या वळणावर पोचायला हवा होता. परत अमेरिकेत यायची वहिनींची ना ऐपत होती, ना कारण.

माझी बायको शैला वर्कशॉप सांभाळायला थांबली. वहिनी, त्यांची नऊ वर्षांची केतकी आणि मी, माझ्या स्टेशन वॅगनमधून निघालो. पंचावन्नचं स्पीड लिमिट, त्यामुळे अमरिलो आणि आल्बुकर्की असे दोन मुक्काम. मोटेल सव्वीस डॉलरला, गालिचा ओला. धपाटे, लसणाची चटणी आणि मेथांबा बरोबर होता म्हणून जेवणाचा खर्च जवळजवळ नाहीच. शिपरॉकच्या पुढे गॅस स्टेशन दिसलं की टाकी भरा, अर्धी असली तरी. आणि घड्याळाचं लक्षात ठेवा: उन्हाळ्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तिथल्या मूळच्या नावाहो लोकांचं घड्याळ बाकी ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. ॲरिझोना आलं म्हणून आम्ही घड्याळ तासभर मागे केलं आणि मॉन्युमेंट व्हॅलीजवळच्या मोटेलवर पोचलो तेव्हा तिथल्या कॅफेचं किचन बंद करायची वेळ झाली होती. तरी कॅफेच्या बाईंनी मटण स्ट्यू दिला, वहिनींना राजम्यासारख्या शेंगदाण्याएवढ्या बियांची उसळ, आणि भटुऱ्यासारखा फुगलेला तळलेला ब्रेड. वहिनींनी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

तिथेच मोटेलवाल्यानं विल्सनशी गाठ घालून दिली. पन्नाशीचा नावाहो, रुंद चेहऱ्याचा, बोलण्याआधी टेबलाकडे बघणारा माणूस. नकाशावर मी वळण दाखवलं. तो म्हणाला, नेहमीच्या रस्त्यावर तुम्ही तुमची गाडी चालवा, पण हे आतलं आहे, इथे आमच्यापैकी कुणीतरी बरोबर लागतं. दिवसाचे साठ डॉलर, वाटेत आईकडे थांबून तिला किती पाणी लागेल ते विचारायचं, कारण तिच्या पाण्याची पिंपं त्याच ट्रकमध्ये असतात. तिच्याकडे नळ नाही. बावीस मैलांवरून पाणी भरून आणावं लागतं.

वहिनी केतकीला झोपवायला गेल्यावर मी हळूच विषय काढला. सरळ नाही. गिऱ्हाइकाला बिल सांगायच्या आधी मी जसा हवापाण्याचं बोलतो, तसा. म्हटलं, लोक काय काय घेऊन येत असतील नदीवर, देवाधर्माचं वगैरे.

विल्सन म्हणाला, "दारू नको आणि मेलेल्याचं काही नको. बाकी काहीही आणा."

मग त्यानंच सांगितलं. त्याचा मामा घरातच वारला, तेव्हा उत्तरेकडची भिंत फोडून त्याला बाहेर काढलं आणि ते घर कायमचं सोडलं. आत कपडे, खोगीर, शिवणाचं मशीन, सगळं तसंच. मेलेल्याचं नावसुद्धा ते घेत नाहीत. मागे कॅलिफोर्नियाची एक बाई भावाची राख घेऊन आली होती. तिला त्यानं नाही म्हटलं.

"मग?"

"मग ती चालत गेली. मी वरून वाट दाखवली. नऊ मैल."

मी मान हलवली. मनात हिशेब चालू होता: नऊ मैल जायचे, नऊ यायचे, बरोबर लहान मुलगी, वहिनींचे गुडघे, एक मुक्काम वाढणार, आणि सोमवारी माझ्याकडे तीन गाड्या लागलेल्या. शिवाय, मी स्वतःला म्हटलं, ही राख आहे, प्रेत थोडंच आहे. गंगेसारखी पवित्र वस्तू. सात आठवडे तिला मी माझ्या घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, हे त्या वेळी मला आठवलंच नाही. वहिनींना मी यातलं काही बोललो नाही. सकाळी कलश केतकीच्या शाळेच्या निळ्या बॅगेत ठेवला, भोवती तिचा स्वेटर गुंडाळला. वहिनींना सांगितलं, रस्ता खडबडीत आहे, कलंडायला नको.

ट्रक अठ्ठ्याहत्तरचा, फोर व्हील, इंजिन ऐकूनच मी मनात शाबास म्हटलं. पुढे विल्सन, मध्ये केतकी, कडेला वहिनी. मी मागे, दोन रिकाम्या पिंपांच्या मध्ये, मांडीला टेकलेली बॅग. केबिनची मागची सरकती काच उघडी होती, म्हणून सगळं बोलणं ऐकू येत होतं. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गुरगुरत होतं. मी ओरडून सांगितलं, संध्याकाळी बसवून देतो, फुकट. विल्सन हसला. म्हणाला, माझ्या मेव्हण्यालाही ते तीन महिने ऐकू येतंय, पण त्यानं फुकट म्हटलं नाही.

त्या वाटेचं वर्णन मी नीट करू शकत नाही. खडकांचे सुळके सगळ्यांनी पाहिलेत. मला आठवते ती पिठासारखी लाल धूळ, दातांत करकरणारी, आणि मैलोन्मैल एकही माणूस नसताना मध्येच कुठेतरी वाळत घातलेला एकच शर्ट.

विल्सनच्या आईचं घर लाकूड-मातीचं, आठ कोनांचं, दार पूर्वेला. वहिनी म्हणाल्या, बघा, आपल्यासारखंच. म्हातारी ऐंशीची असेल. मागावर अर्धा गालिचा होता. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि वहिनींना तिची भाषा, पण दोघी लोकरीवर पाऊण तास बोलल्या. तिनं केतकीच्या केसांना लोकरीचा लाल धागा बांधला. निघताना वहिनी वाकून पाया पडल्या तेव्हा ती गोंधळली, मग तिनं वहिनींचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. बॅग तेव्हा दारासमोर दहा फुटांवर, ट्रकमध्ये, तिच्या पिंपाला टेकून होती.

तिथून नदी चार मैल. केतकीची कळी खुलली होती. विल्सननं तिला विचारलं, मागे बसलाय त्याला तू काका म्हणतेस, म्हणजे काय. ती म्हणाली, अंकल.

"मग तुझे वडील? ते आले नाहीत?"

"आलेत ना," ती तिच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "मागे आहेत. माझ्या निळ्या बॅगेत."

मी काच सरकवायला हात उचलला होता. उशीर झाला होता.

विल्सननं ब्रेक दाबला नाही. ट्रक हळूहळू थांबू दिला, इंजिन बंद केलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून असे उचलले की जणू ते तापलंय. उतरून तो वीसेक पावलं लांब जाऊन उभा राहिला. मी खाली उतरलो. माझ्या तोंडून काय निघालं, तर हे: गाडी मी धुऊन देतो, आतून बाहेरून, स्टीमनं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"तुला ऐकू आलं होतं."

"आलं होतं."

"मी तिच्या दारात नेला हा ट्रक. तिचं पाणी यात येतं."

आवाज चढला नव्हता. नदी समोरच्या चढापलीकडे आहे, म्हणाला, तुमचं काम करून या. बाईनं एवढ्या लांबून आणलंय, तिला परत पाठवणार नाही. पण किल्ली तिथेच आहे, परतताना गाडी तू चालवायची. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक मोडका लाकडी खांब आहे, तिथे उभी कर. घराकडे आणू नकोस.

त्यानं पिंपांनासुद्धा हात लावला नाही. तिथून जवळ राहणाऱ्या मामेबहिणीच्या घराकडे चालत निघून गेला. खाणंपिणं काही घेतलं नाही. पाण्याची बाटली ट्रकमध्येच होती. मी माझी घेऊन मागे धावलो, त्यानं नुसता हात हलवून नको म्हटलं.

वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांना इंग्रजी बोलायला जड जायचं, समजायचं सगळं.

"भाऊजी, त्यांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं?"

"काल रात्री."

"आणि दुसरी काही वाट होती?"

मी नऊ मैलांचं सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या बाईचंही सांगितलं.

"मग मी गेले असते की चालत," त्या म्हणाल्या. "मला विचारायचं होतं."

नदी शिरीषनं सांगितल्यासारखी नव्हती. पाणी उतरलेलं, गढूळ, कडेला घोटाभर चिखल. मी पाठ झालेले दोन श्लोक म्हटले. वहिनींनी कलश उपडा केला तर राख चिखलावरच बसली, वाहेना. त्या गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तिला प्रवाहाकडे लोटत राहिल्या, कोपरापर्यंत चिखलात. केतकीनं विचारलं, विल्सन आपल्यावर चिडलाय का, माझ्यामुळे का. वहिनी म्हणाल्या, तू खरं बोललीस बाळा, तुझ्यामुळे काही नाही. हे त्यांनी मराठीत सांगितलं, माझ्याकडे न बघता. परतताना त्या केतकीला घेऊन मागे बसल्या, पिंपांच्या मध्ये. केबिनमध्ये मी एकटा, आणि ते बेअरिंग.

खांबापाशी मी ट्रक उभा केला. आमची वॅगन तिथून पाच मैलांवर, मोटेलपाशी. तेवढं तिघंही चाललो. संध्याकाळी विल्सन कॅफेबाहेर भेटला. मी म्हटलं, माझ्याकडे वर्कशॉपमध्ये तशीच पिकप उभी आहे, याहून चांगली, आठवड्याभरात स्वतः आणून देतो. कागदपत्रांसकट. मला खरंच द्यायची होती. आयुष्यभर मी लोकांची अडचण गाडीनंच सोडवत आलो होतो.

"तुझ्याकडून गाडी नको," तो म्हणाला. साठ डॉलर मात्र त्यानं घेतले. चालवलं तेवढं चालवलं, म्हणाला. या ट्रकचं काय करायचं ते आई ठरवेल, ती सांगेल तो विधी करू. मी विचारलं, विधी केला की वापरता येईल ना. तो म्हणाला, "मी कदाचित वापरेन. ती त्यातलं पाणी पिणार नाही."

परतीचे दोन दिवस वहिनी माझ्याशी नीट बोलल्या, चहा हवा का, थकलात का. त्याहून त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. विमानतळावर त्यांनी शैलाला मिठी मारली, मला नमस्कार केला. नागपूरहून पत्रं येत राहिली, शैलाच्या नावानं.

तर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. गाइड जरूर घ्या, तिथलाच घ्या, दोन दिवस तरी ठेवा. पाणी माणशी एक गॅलन. त्यानं नाही म्हटलं तर त्याच्या नाहीला तुमच्याकडचं कारण शोधू नका. आणि तुमच्याबरोबर कुणी दुःखातलं माणूस असेल तर त्याच्या वतीनं सोय बघू नका. मी वहिनींचे अठरा मैल वाचवले, असं मला चोवीस तास वाटलं होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी त्या कॅफेत फोन केला. स्ट्यू वाढणाऱ्या बाईंनीच उचलला. विल्सन आता टूर करत नाही, म्हणाल्या, रस्त्याच्या कामावर जातो, आठवडाभर बाहेरच असतो. मी ट्रकचं विचारलं.

"तू उभा केलास तिथेच आहे."

"आणि त्याच्या आईचं पाणी?"

"शनिवारी शेजारी आणून देतात," त्या म्हणाल्या. "त्यांना वेळ झाला तर."