कौसाबाईंची सोबत

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? समाजशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या बाईने करू नये अशी चूक मी केली, आणि तीही सबळ पुराव्यानिशी!

भोकरदनच्या एका महाविद्यालयात मी शिकवते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा एकाकीपणा वेळीच ओळखावा, असा उपक्रम आमच्या विभागाकडे आला. म्हणजे माझ्याकडे आला. इतर सहकाऱ्यांना त्या आठवड्यात एकाएकी पाठदुखी जडली होती. नकार द्यायलाही अंगात जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता, म्हणून पिंपळगाव रेणुकाई माझ्या वाट्याला.

तिथे कौसाबाई भेटल्या. पंचाहत्तरीच्या घरातल्या, विधवा, स्लॅबच्या दोन खोल्यांत एकट्या. मुलगा दत्ता संभाजीनगरला, मुलगी अंकुशनगरला. मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा बाई बाजेवर पडलेल्या, गल्लीत चिटपाखरू नाही. टीव्ही आपला बडबडतोय आणि बाई कोंबडीला सांगताहेत, "बस की गं गुमान, तुला काहून एवढी घाई?"

सांगा, एकाकीपणाला याहून वेगळी काय शिंगे असतात?

तरीही मी शब्द तोलून विचारले, "मावशी, कोणाशी बोलावंसं वाटतं का?"

"तुमच्याशी बोलूनच राह्यले की."

"मी नसते तेव्हा?"

"तवा झोपते."

'उत्तर टाळतात,' अशी मी नोंद केली.

एक गोष्ट मात्र नोंदवली नाही. तिन्ही वेळा मी भर दुपारच्या एसटीने पोचले होते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी दीडला गावात एकटे नसते कोण? अख्खे गाव रानात! संशोधनपद्धतीचा पेपर मी स्वतः शिकवते. जाऊ द्या.

निष्कर्ष निघाल्यावर मी अहवाल लिहिला, सही ठोकून एक प्रत दत्तालाही धाडली आणि उपायही काढला. रोज दुपारी दोन विद्यार्थिनींनी कौसाबाईंना सोबत करायची. मुली गुणी. बाजेच्या दोन बाजूंना बसत, हळू आवाजात बोलत, बाईंचा डोळा लागला की वारा घालत.

आता आपल्याकडे दिवसाढवळ्या बाजेभोवती माणसे बसून राहतात ती केव्हा, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक असायला हवे होते.

चौथ्या दिवशी पहिले शहाळे आले. मग बिस्किटांचे पुडे. मग भावकी. 'म्हातारीचं काही खरं न्हाई,' असा निरोप कोणीतरी अंकुशनगरला धाडला. रविवारी मी पाहणीला गेले, तो मुलगी गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडत येताना दिसली.

"माय गंऽऽ! मला न सांगताच निघालीस!"

"कुठं निघाले?" बाजेवरून कौसाबाई म्हणाल्या. हातात बिस्किट होते. "च्या तरी घेऊ दे."

पाठोपाठ दत्ता गाडी करून हजर. "माय, आता बिलकुल इथं ठिवायचं न्हाई तुला. चल, कपडे भर."

"मला काय झालंय?"

"मॅडमनंच लिहून दिलंय, तू एकटी पडली म्हणून."

कौसाबाईंचे बिस्किट चहात विरघळून गेले, तरी त्यांनी काढले नाही.

"तुझा चौथा मजला? मागं पंधरा दिवस राह्यले ना. तू डूटीवर, सून डूटीवर, अन् दार आतून बंद. तिथं कोंबडीबी न्हाई रे बोलायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेपुढे मला माझा सगळा अहवाल फाडून खावासा वाटला.

"हे पाहा," मी सुरुवात केली, "माझ्या निरीक्षणाच्या वेळेत एक मूलभूत त्रुटी—"

"मॅडम, सही तुमचीच हाय," दत्ता म्हणाला.

तेव्हा कौसाबाईंनी कप खाली ठेवला आणि दत्ताला बाजूला घेतले. त्यांचे कुजबुजणे चार घरे ओलांडून जाते.

"येड्या, ही बाई माझ्यासाठी येती व्हय? नवरा नांदेडला, पोरगी पुण्याला, भोकरदनला एकटीच ऱ्हाती. रविवारीबी घरी बसवत न्हाई तिला. तोंडानं कशी सांगंल बिचारी? कागदाचं निमित्त करती. एक इचारती अन् अर्धा तास सोताचंच सांगती. म्या गेले तर ही कुठं जाईल?"

सगळी भावकी माझ्याकडे वळली. मुलीने डोळे पुसले, आणि कौसाबाईंसाठी आणलेले शहाळे माझ्या हातात दिले!

एका बाजूला माझी विद्वत्ता होती, दुसऱ्या बाजूला कौसाबाईंचे घर. मी मान खाली घातली. "हो," म्हणाले, "मला तिकडे करमत नाही." दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले खोटे, अशी मी मनाची समजूत घातली.

दत्ता विरघळला. "मंग ऱ्हाऊ दे मायला इथंच. पण मॅडम, दर रविवारी बराबर येत जा. लाजू नका."

पुढच्या रविवारी मी संध्याकाळी पाचला गेले, शास्त्रशुद्ध वेळी. तर दाराला कुलूप! ओट्यावर टेकले, तोच शेजारच्या रजियाभाभी चहा घेऊन आल्या.

"कौसाबाई बारशाला गेल्या. सांगून गेल्यात, मॅडम आल्या तर एकटं बसू देऊ नका म्हणून."

खोटे कशाला सांगू? मी दोन कप चहा घेतला, बोलत बसले, आणि परतीची एसटी डोळ्यांसमोरून गेली तरी उठले नाही.