साखरेच्या गोळ्या

आमच्या विक्रोळीच्या चाळीत रुक्मिणीला सगळे ‘औषधवाली’ म्हणायचे. मला त्या नावाची भारी चीड. ते तिच्या कपाळी कसं आलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्र्याऐंशी साली तिचा नवरा दशरथ गेला. साखरेच्या आजाराने पार पोखरला होता माणूस. तेरावं झाल्यावर रुक्मिणीने त्याचे कपडे, चपला वाटून टाकल्या. राहिली ती गोळ्यांची काचेची बाटली, अर्धी भरलेली. ती टाकायला म्हणून ती नळापाशी आली, कारण तिथेच आमची कचऱ्याची पेटी. शेजारची कुंदा भांडी घासत होती, मी हंडा भरत होते. कुंदाने विचारलं, कसल्या गं गोळ्या?

“साखरेच्या,” रुक्मिणी म्हणाली.

“मग टाकतेस कशाला वहिनी? दे इकडे.”

कुंदाच्या माहुलच्या भावाला साखर होती. रुक्मिणीला वाटलं, त्याच्यासाठी मागतेय. कुंदाच्या मनात होत्या तिचा सासरा धोंडू खोकल्यावर घ्यायचा त्या बाराक्षाराच्या गोळ्या. पांढऱ्या, चपट्या, गोड. त्यांनाही सगळे साखरेच्या गोळ्याच म्हणतात. आणि मी मोठी शहाणी, वर म्हणाले, खरंच, औषध टाकू नये बाई.

दोन दिवसांनी एकादशी. धोंडूआजोबा उपाशी. सकाळी खोकला उसळला तशा कुंदाने त्यांना चार गोळ्या दिल्या. बाराक्षार चारच घेतात ना.

“गो, ह्यो गोड लागनत नाय,” म्हातारा म्हणाला.

जुन्या झाल्या असतील, म्हणाली कुंदा. दुपारी तो घामाने निथळला, जीभ अडखळायला लागली. उपासाची भोवळ समजून आम्ही त्याला पडू दिलं. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं, उपाशीपोटी त्या गोळ्यांनी त्याच्या रक्तातली साखर पार उतरली होती.

कुंदा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने रुक्मिणीशी बोलणंच टाकलं. भिंतीला भिंत लागून, आणि सहा वर्षं एक शब्द नाही.

रुक्मिणी खंगत चालली. मग एक दिवस उठून दशरथ कामाला होता त्या कंपनीच्या दवाखान्यात गेली आणि उरलेल्या औषधांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून आली. तेव्हापासून दर दसऱ्याच्या साफसफाईला तिची दारोदार फेरी. कुणाच्या गोळ्या ते नको, कुठल्या रोगाच्या ते सांगा, म्हणायची. उरलेल्या सगळ्या चहाच्या चोथ्यात नि शेगडीच्या राखेत कालवायची, म्हणजे कुणी उचलून तोंडात घालायला नको. मग पिशवी घट्ट बांधून कचऱ्याच्या पेटीत. संडासात टाकू नका, गटारात टाकू नका, आणि शेजारणीला तर मुळीच देऊ नका, हे प्रत्येकीला बजावायची. लोक हसायचे. आमच्या गोळ्या, तुझं काय जातंय, विचारायचे मेले. ती पुढच्या दारी जायची.

एक कुंदाचं दार तेवढं तिने कधी वाजवलं नाही. तिथे पाय थबकायचे. मी म्हणायचे, जा गं एकदा, काय ते बोलून मोकळी हो.

“कुठल्या तोंडाने जाऊ?” एवढंच म्हणायची. मला रडू यायचं. त्या नळावर मीही होते, पण माझ्याशी कुणी बोलणं टाकलं नव्हतं.

एकोणनव्वदचा दसरा तोंडावर आला होता. रुक्मिणी दारात बसून चोथा कालवत होती, मी तिला राख आणून देत होते. कुंदा समोर येऊन उभी राहिली. हातात गोळ्यांचं पाकीट. डॉक्टरांनी औषध बदललं होतं, जुन्या गोळ्या उरल्या होत्या. रुक्मिणीचे हात चोथ्यातच राहिले. कसल्या गोळ्या, हे नेहमीचं विचारणं तिच्या तोंडून फुटेना.

मग कुंदाच म्हणाली, “साखरेच्या आजाराच्या आहेत, वहिनी. मला झालाय. गोड नाहीत ह्या.”

रुक्मिणीने राखेने भरलेले हात तसेच पुढे केले.